दोन महिन्यांची मुदत

२७ डिसेंबर १२५३ रोजी मोंगके खानाच्या छावणीत दोन फ्रान्सिस्कन साधू येऊन पोचले. वाटेत त्यांनी मेंढीच्या कातड्याचे कपडे आणि नमद्याचे बूट घातले होते. पण खानाच्या दरबाराकडे जाताना, आपल्या पंथाच्या व्रताला जागून, त्यांनी पादत्राणे काढून ठेवली आणि गोठलेल्या जमिनीवरून ते अनवाणी चालू लागले. छावणीतली माणसे भोवती जमली आणि कुणी चमत्कारिक प्राणी पाहावा तशी त्यांच्या पायांकडे पाहू लागली. या लोकांना पायांचा काही उपयोग उरलेला नाही काय, असे ती विचारत होती. कारण हे पाय आता जाणार, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. गर्दीत एक हंगेरियन नोकर होता, त्याने हा पंथ ओळखला आणि लोकांना व्रताची हकिगत सांगितली. त्यानंतर लवकरच दोघांतल्या थोरल्याच्या पायांच्या बोटांची टोके गोठली आणि त्याला अनवाणी चालणे सोडून द्यावे लागले.

हा थोरला म्हणजे रुब्रुकचा विल्यम. फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर धर्मयुद्धाच्या निमित्ताने पूर्वेकडे आलेला हा फ्लेमिश साधू ७ मे १२५३ रोजी कॉन्स्टँटिनोपलहून निघाला. सोबत क्रेमोनाचा बार्थोलोम्यू नावाचा दुसरा साधू, एक कारकून, एक दुभाष्या आणि कॉन्स्टँटिनोपलमध्येच विकत घेतलेला एक मुलगा. जायचे होते बातू खानाचा मुलगा सार्तक याच्याकडे. तो ख्रिस्ती झाल्याची आवई युरोपात उठली होती. सार्तकाने त्यांना बातूकडे धाडले आणि व्होल्गाकाठच्या बातूने थेट मोंगकेकडे. परत आल्यावर रुब्रुकने लुई राजाला लॅटिनमध्ये एक दीर्घ पत्र लिहिले. मध्ययुगीन प्रवासवर्णनांत या पत्राला फार वरचे स्थान आहे. रॉजर बेकनने ते वाचले, लेखकाशी त्याविषयी चर्चाही केली आणि आपल्या ग्रंथात त्याचा उपयोग केला. पुढे मात्र मार्को पोलोच्या गाजावाजात ते कित्येक शतके झाकोळून गेले.

आज हे पत्र अभ्यासक्रमात लागते ते त्यातल्या दोन-तीन प्रसंगांसाठी. काराकोरममध्ये पॅरिसच्या एका सोनाराने घडवलेले, चार प्रकारची पेये वाहणारे चांदीचे झाड. ३० मे १२५४ रोजी खानाच्या आज्ञेने झालेला ख्रिस्ती, मुसलमान आणि बौद्ध यांचा वाद. आणि देवाने हाताला वेगवेगळी बोटे दिली तसे माणसांना वेगवेगळे मार्ग दिले, हे मोंगकेचे उत्तर. प्रसंग वेधक आहेतच, आणि धर्मसहिष्णुतेवर निबंध लिहायला सोयीचेही. पण या प्रसंगांच्या मागे सबंध पत्रभर एक हिवाळा पसरलेला आहे. तो आपण सहसा पार्श्वभूमी म्हणून वाचतो, म्हणजे वाचत नाही. मला इथे त्या हिवाळ्याविषयी लिहायचे आहे. भटक्या मोंगोलांविषयी रुब्रुक जे सांगतो त्यातले सर्वांत मोलाचे, माझ्या मते, या हवामानाच्या नोंदींत आहे. आणि ते मोलाचे आहे याची त्याला स्वतःला कल्पना नसावी.

मुळात त्याचा मुक्कामच थंडीमुळे घडला. ४ जानेवारी १२५४ रोजी त्याची खानाशी भेट झाली. दारावरचा नमदा वर उचलला गेला, हे दोघे नाताळचे स्तोत्र गात उभे राहिले, त्यांची झडती झाली. दुभाष्याला कमरेचा पट्टा आणि सुरी बाहेर ठेवावी लागली. आतून तंबू जरीच्या कापडाने मढवलेला होता आणि मधोमध चुलीत काटक्या, दवण्याच्या जातीच्या झुडपांची मुळे आणि गुरांचे वाळलेले शेण जळत होते. जरीचे अस्तर आणि शेणाची धग एकाच वाक्यात नोंदवणारा हा लेखक मला आवडतो, तो अशा जागांमुळे. जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या धन्यालाही इथे इंधन तेच, जे त्याच्या गुराख्याला.

खानाने पेय कोणते घेणार असे विचारले: द्राक्षाची दारू, तांदळाची, घोडीच्या दुधाची की मधाची. साधूंनी संकोचाने तांदळाची जराशी चाखली. दुभाष्या मात्र पेये वाढणाऱ्यांच्या शेजारीच उभा होता, त्यांनी त्याला सढळ हाताने पाजले आणि थोड्याच वेळात तो झिंगला. रुब्रुकला त्याचे एकही वाक्य धड समजेना. खुद्द खानही त्याला डुलत असल्यासारखा वाटला. मध्ययुगातली एक बहुचर्चित भेट अशा रीतीने निम्मी ऐकू न येता पार पडली. अनुवादाचा अभ्यास करणाऱ्यांनी या दुभाष्याची आठवण ठेवावी. पत्रात पुढे येणारी सगळी थोर संभाषणे अशाच कुणाच्या तरी तोंडून गाळून आलेली आहेत. पुढच्या वादात दुभाष्या बदलला, हे सुदैव.

पण एक गोष्ट निःसंदिग्धपणे कळली. सोबती इतका अशक्त झाला आहे की जिवाला धोका पत्करल्याशिवाय तो घोड्यावर बसू शकणार नाही, तेव्हा निदान कडाका ओसरेपर्यंत राहू द्यावे, अशी विनंती रुब्रुकने केली होती. खानाने दयाबुद्धीने दोन महिन्यांची मुदत दिली. ती पुढे वाढत गेली आणि रुब्रुक उन्हाळ्यापर्यंत राहिला, हा भाग वेगळा. मूळ परवानगी मात्र एका हिवाळ्यापुरती होती, आणि ती देणाऱ्याने हिवाळा ओलांडणे म्हणजे काय हे जन्मापासून पाहिलेले होते.

याच्या आधी सात वर्षे पोपचा दूत म्हणून कार्पिनीचा जॉन मोंगोलियात येऊन गेला होता. तो पोचला २२ जुलै १२४६ रोजी. गुयुक खानाच्या राज्यारोहणाची तयारी चालू होती, हजारो पाहुणे जमले होते, पांढऱ्या कापडाचा विशाल मंडप उभा होता. कार्पिनीचा मोंगोल उन्हाळ्यातला आहे: घोड्यावरचा, समारंभातला, मोहिमेची जुळवाजुळव करणारा. भटक्यांविषयी बाहेरच्यांनी लिहिलेल्या बहुतेक मजकुरात हाच मोंगोल पुन्हा पुन्हा भेटतो. कारण साधे आहे: प्रवासी उन्हाळ्यात जातात. आजचा पर्यटकही जुलैत जातो, कुस्ती, तिरंदाजी आणि घोडदौडीचा नादाम उत्सव पाहतो, हिरवळीवर उभ्या गेरचे, म्हणजे त्या गोल नमद्याच्या घराचे, छायाचित्र घेतो आणि परततो. कार्पिनीला परतीचा प्रवास हिवाळ्यात करावा लागला. रात्री पायाने हिम बाजूला सारून तो उघड्यावर झोपे आणि सकाळी वाऱ्याने आणलेल्या हिमाखाली पुरलेला उठे. पण तो तेव्हा वाटसरू होता, हिवाळ्यातून निघून जात होता. रुब्रुक हिवाळ्यात थांबला.

थांबल्यावर काय दिसले? पहिली गोष्ट, वारा नसतो. थंडी इतकी की एकदा गोठायला लागले की मे महिन्यापर्यंत थांबत नाही. हिवाळाभर काहीच वितळत नाही आणि मे महिन्यातसुद्धा सकाळी गोठते, दुपारी वितळते. पण आमच्या देशात असतो तसा वारा इथे हिवाळ्यात असता तर काहीच जगू शकले नसते, असे तो लिहितो. एप्रिलपर्यंत सगळे स्तब्ध असते आणि मग वारे उठतात. आजचे हवामानशास्त्र याचे कारण सांगते: हिवाळ्यात या प्रदेशावर सैबेरियन उच्चदाबाचे ठाण मांडलेले असते, त्यामुळे आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि स्थिर. वादळे वसंतात येतात. रुब्रुकला कारण माहीत नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. हिम फार पडत नाही हेही त्याने टिपले आहे. हिवाळा म्हणजे हिमवर्षाव आणि घोंघावणारा वारा हे आपल्या मनातले चित्र दुसऱ्या प्रदेशांतून आले आहे. मोंगोल हिवाळा पाहावा तर निळा, कोरडा आणि निःशब्द.

मोंगोल लोक हिवाळा नवांच्या नवकांनी मोजतात. दक्षिणायन संपते त्या दिवसापासून एक्याऐंशी दिवस, नऊ नऊ दिवसांचे नऊ भाग, आणि प्रत्येक भागाची खूण ठरलेली. पहिल्या नवकात दुधाची दारू गोठते, दुसऱ्यात दोनदा गाळलेली कडक दारू, तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाची शिंगे, चौथ्यात चार वर्षांच्या. पाचव्यात शिजवलेला भात गोठेनासा होतो, सहाव्यात वाट काळी दिसू लागते, सातव्यात टेकड्यांचे माथे, आठव्यात जमीन ओलसर होते, नवव्यात ऊब स्थिरावते. ही गणना तेराव्या शतकाला लावण्याचा माझा आग्रह नाही. पण आजच्या दिनदर्शिकेत रुपांतर करून पाहिले तर रुब्रुक छावणीत पोचला तो दुसऱ्या नवकात आणि खानापुढे उभा राहिला तो तिसऱ्यात. शिंगे गोठण्याच्या दिवसांत तो अनवाणी होता. या मोजणीतली एक गोष्ट मला विशेष वाटते. तिच्यात तापमान नाही, वस्तू आहेत: दारू, शिंग, भात, वाट. अशी मोजणी एका जागी बसून रोज त्याच वस्तूंकडे पाहणाऱ्या माणसाला सुचते. सतत चालणाऱ्याची ही मोजणी नव्हे.

इथे आपल्या भाषेतल्या एका शब्दाकडे वळावे लागते. 'भटका' म्हटले की मराठीत दिशाहीनता येते. भटकणे म्हणजे ठिकाण नसणे. 'यायावर' संस्कृताच्या पडद्याआड तेच म्हणतो, फक्त जरा प्रतिष्ठेने. इंग्रजी आणि फ्रेंच वाङ्मयविचाराने गेल्या काही दशकांत भटक्याला मुक्तीचे प्रतीक करून टाकले. सीमा न मानणारा, मुळे नसणारा, सतत 'होत' असणारा. आपल्याकडच्या चर्चासत्रांतूनही हा भटका येऊन गेला. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले. तो हिवाळा कुठे काढतो, हे मात्र कुणी विचारलेले माझ्या वाचनात नाही.

रुब्रुकने ते सांगून ठेवले आहे. मोंगोलांच्या वस्तीची रीत सांगताना तो लिहितो की प्रत्येक सरदाराला, त्याच्या हाताखाली माणसे थोडी असोत की फार, आपल्या कुरणांच्या हद्दी ठाऊक असतात. हिवाळ्यात, उन्हाळ्यात, वसंतात आणि शरदात कुठे चारायचे हे ठरलेले असते. हिवाळ्यात ते दक्षिणेच्या उबदार भागात उतरतात, उन्हाळ्यात उत्तरेला चढतात. आणि पुढे एक छोटीशी नोंद: जिथे गवत आहे पण पाणी नाही, अशी राने ते हिवाळ्यासाठी राखून ठेवतात, हिम पडले की जनावरांना तेच पाणी होते.

या नोंदीत एका सबंध अर्थव्यवस्थेचा कणा आहे. उन्हाळ्यात पाण्यापासून दूरचे गवत चारता येत नाही, म्हणून ते उभेच्या उभे वाळते आणि हिवाळ्याचे वैरण होते. कापावे लागत नाही, वाहून आणावे लागत नाही. हिम हे संकट नसून सोय आहे, मात्र बेताने पडले तर. गुडघाभर पडले तर गवत पुरले जाते. पडलेच नाही तर गवत समोर असून जनावर तहानेने मरते. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून भटक्यांचा हिवाळा जातो. जागेची निवड त्यामुळे फार काटेकोर असते. डोंगराची दक्षिण उतरण, उत्तरेकडून आडोसा, जनावरांसाठी दगडाचे किंवा लाकडाचे कुंपण, आणि पायाखाली वर्षानुवर्षे साचलेल्या, दडपून घट्ट झालेल्या शेणाचा थर, ज्याची ऊब मेंढ्यांना रात्री पोटाखाली मिळते. या थराला मोंगोल भाषेत 'बूत्स' असा खास शब्द आहे. एका हिवाळ्यात तो तयार होत नाही. हिवाळी ठाण्याला 'ओवोल्जो' म्हणतात, आणि कुटुंब वर्षभर कुठेही फिरो, थंडीत ते शक्यतो त्याच ओवोल्जोला परतते.

म्हणजे भटक्याचे घर शोधायचे तर ते हिवाळ्यात सापडते. मोंगोलियाच्या १९९२च्या राज्यघटनेने कुरणे खाजगी मालकीची होऊ दिली नाहीत. पण २००२च्या जमीन कायद्याने पशुपालकांना हिवाळी आणि वासंतिक ठाण्यांचा ताबा कागदोपत्री घेता येतो. उन्हाळ्याच्या ठाण्याला असा कागद मिळत नाही. उन्हाळा सगळ्यांचा, हिवाळा ज्याचा त्याचा, ही जुनी समजूत कायद्याने मान्य केली एवढेच. 'नुताग' हा त्यांचा शब्द आपण मातृभूमी असा भाषांतरित करतो. दाशदोर्जिन नात्सागदोर्ज या आधुनिक मोंगोल कवीच्या सर्वांत प्रसिद्ध कवितेच्या शीर्षकात तो आहे. पण या शब्दाचा जुना अर्थ चराईचा मुलूख, आपली जनावरे जिथे चरतात ती भूमी, असा आहे. 'मोंगोलांचा गुप्त इतिहास' या त्यांच्या आद्य ग्रंथात चंगीझच्या बालपणीचे सर्वांत मोठे दुःख कोणते? बाप मेल्यावर टोळी तळ उठवून निघून जाते आणि विधवा होएलुन व तिची मुले मागे उरतात. एकट्या कुटुंबाला कुरण राखता येत नाही, आणि होएलुन मुळे खणून मुलांना जगवते. स्थलांतर हे इथे सामूहिक कर्म आहे. त्यातून वगळले जाणे ही शिक्षा.

आता रुब्रुकच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. थंडीविषयी सांगताना, वारे एप्रिलपासून उठतात असे म्हटल्यावर, तो ओघात नोंदवतो की आम्ही तिथे असताना ईस्टरच्या सुमारास वाऱ्याबरोबर आलेल्या थंडीने असंख्य जनावरे मेली. दुसऱ्या एका ठिकाणी तो सांगतो की हिवाळ्यात हिम थोडेच पडले, पण वसंतात एकदा एवढे पडले की काराकोरमच्या गल्ल्या भरून गेल्या आणि ते गाड्यांतून वाहून बाहेर टाकावे लागले. संपले. जनावरे कुणाची होती, त्यांच्या मालकांचे पुढे काय झाले, हे पत्रात नाही. लेखकाला घाई आहे. पुढे धर्मचर्चा आहे, आर्मेनियन बैराग्याच्या लबाड्या आहेत, चांदीचे झाड आहे.

मोंगोल भाषेत या आपत्तीला 'जुद' म्हणतात; उच्चार आपल्या 'जवळ'मधल्या 'ज'सारखा. हिम फार पडले तर पांढरा जुद, पडलेच नाही तर काळा, वितळून पुन्हा गोठल्याने जमिनीवर बर्फाचे कवच चढले तर लोखंडी, आणि फार जनावरांनी तुडवून कुरणच उरले नाही तर खुरांचा. मरण मात्र ऐन थंडीत येते असे नाही. जनावर सगळा हिवाळा अंगावरच्या चरबीवर काढते आणि वसंतात, पिल्ले व्हायच्या वेळी, अगदी क्षीण झालेले असते. तेव्हा एक वादळ पुरते. रुब्रुकने ईस्टरचा उल्लेख केला आहे तो या दृष्टीने बिनचूक आहे. बहुधा मोंगोलियातल्या वासंतिक जनावरमरीची युरोपीय लेखणीतून आलेली ही पहिली नोंद असावी.

चिनी बखरकारांनी मात्र अशा नोंदी फार आधीपासून ठेवल्या होत्या, आणि त्याही अधिक लक्षपूर्वक, कारण उत्तरेच्या शेजाऱ्याची जनावरे मेली की त्यांचे राजकारण बदलत असे. इ. स. पू. ७२-७१च्या हिवाळ्यात श्युंगनूंचा राजा वुसुनांवर चाल करून गेला आणि परतताना हिमात सापडला. दहांतला एकही धड परतला नाही, असे हान दरबाराचा इतिहास सांगतो. इ. स. ६२७च्या सुमारास पूर्व तुर्कांच्या मुलखात कित्येक फूट हिम पडले, घोडे-मेंढ्या मेल्या. अंतर्गत बंडांनी आधीच पोखरलेली ती सत्ता ६३०मध्ये थांग सैन्याने मोडली. याउलट, २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृक्षवलयांच्या अभ्यासाने दाखवले की १२११ ते १२२५ ही चंगीझच्या विस्ताराची वर्षे मध्य मोंगोलियात असाधारण ओलसर होती, म्हणजे गवताची होती. हवामानाने साम्राज्ये उभी राहतात आणि पडतात असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह इथे होतो. तो आवरावा. गवत सगळ्याच टोळ्यांना मिळाले होते. पण गवताशिवाय इतिहास लिहिण्याचा मोहही तितकाच मोठा आहे आणि मानव्यविद्यांत आपण त्याला जास्त बळी पडलो आहोत.

जनावरांच्या मालकांविषयी रुब्रुक गप्प आहे असे म्हटले, ते पूर्ण खरे नाही. छावणीत साधूंना एक लहानशी खोप मिळाली होती. सामान, अंथरुणे आणि जराशी आग एवढ्यात ती भरून जाई. शिधा म्हणून सहा दिवसांना एक रोडका मेंढा, थोडी बाजरीसारखी भरडी. आणि अन्न शिजले रे शिजले की भुकेली माणसे आत घुसत, त्यांना वाटा द्यावा लागे. दारिद्र्यात दान करणे हे कसले हौतात्म्य असते ते आपण तिथे अनुभवले, अशा अर्थाची त्याची तक्रार आहे. तक्रारीचा सूर बाजूला ठेवला तर उरते ते हे: जगज्जेत्या खानाच्या छावणीत, ऐन हिवाळ्यात, दोन भिक्षूंच्या भांड्याकडे डोळे लावून बसलेली माणसे होती. ती कोण होती? नोकर, कैदी, धरून आणलेले कारागीर? नावे नाहीत.

एक नाव आहे. मेत्झ शहरची पाकेत नावाची एक स्त्री, हंगेरीत पकडली गेलेली. साधूंना गाठून तिने त्यांना आपल्या ऐपतीप्रमाणे जेवू घातले. इथवर येईपर्यंत जे हाल झाले ते सांगण्यापलीकडचे, असे ती म्हणाली. आता बरे चालले होते. नवरा तरुण रशियन होता, तीन मुले होती. आणि नवऱ्याला घरे बांधता येत, ही त्या देशात मोलाची विद्या होती. हिवाळ्यात कोण तगतो याचा हिशेब तिने एका वाक्यात सांगितला आहे, आणि तो आपल्यापर्यंत पोचला याचे श्रेय रुब्रुकला द्यावेच लागेल. तो पाहत होता. फक्त काय पाहिले ते त्याला नेहमी कळत होते असे नाही.

विसाव्या शतकाने या हिवाळ्याशी वेगळा करार करून पाहिला. १९५०च्या दशकाअखेर मोंगोलियातले जवळजवळ सगळे पशुपालक 'नेगदेल' या सहकारी संस्थांत ओढले गेले. त्यातल्या सक्तीविषयी आणि त्याआधीच्या दशकांतल्या रक्तपाताविषयी बरेच लिहिले गेले आहे. पण नेगदेलने हिवाळी निवारे बांधले, गवत कापून साठवले, संकटकाळी दूरच्या कुरणांवर नेण्यासाठी ट्रक दिले, पशुवैद्य दिले. १९९०नंतर हे सारे फार वेगाने विसर्जित झाले. जनावरे वाटली गेली, कारखाने बंद पडले, नोकरी गेलेली शहरी माणसे मेंढपाळ झाली. जनावरांची संख्या १९९०च्या सुमारे अडीच कोटींवरून १९९९मध्ये तीन कोटी तेहतीस लाखांच्या वर गेली. काश्मिरी लोकरीला भाव असल्याने त्यात शेळ्या बेसुमार वाढल्या. साठवलेले गवत नव्हते, ठाणी दुरुस्त नव्हती, आणि कित्येकांना हिवाळ्याची भाषाच येत नव्हती. १९९९ ते २००२ असे सलग तीन हिवाळे जुद आला आणि एक कोटीहून अधिक जनावरे मेली. २००९-१०मध्ये एकाच हिवाळ्यात कळपाचा पाचवा हिस्सा गेला. २०२३-२४मध्ये पुन्हा सत्तर लाखांहून अधिक. प्रत्येक वेळी कळप गमावलेली कुटुंबे गेर मोडून उलानबातरच्या कडेला येऊन उभी राहिली. तिथल्या टेकड्यांवर आज लाकडी फळ्यांच्या कुंपणांत गेरांची दाट वस्ती आहे, आणि हिवाळ्यात त्यांच्या चुलींतला कोळशाचा धूर त्या निळ्या, वारा नसलेल्या हवेत शहरावर साकळून राहतो. रुब्रुकला जी स्तब्धता जीवनदायी वाटली होती, तीच इथे धुराला हलू देत नाही.

हिवाळा आतून लिहिणारे लेखक कमी नाहीत, आपल्यापर्यंत ते पोचत नाहीत. पश्चिम मोंगोलियातल्या तुवा जमातीचा गाल्सान चिनाग जर्मन भाषेत लिहितो. १९९४मध्ये आलेल्या त्याच्या 'निळे आकाश' या कादंबरीत एका लहान मुलाने जपून वाढवलेला कोकरांचा कळप हिवाळ्यात नाहीसा होतो. आजी जाते, आणि शेवटी कुत्राही. रुब्रुकने 'असंख्य' म्हणून सोडून दिलेली जनावरे इथे एकेक आहेत. कोणते कोकरू कोणत्या मेंढीचे, कोण लंगडत होते, हे मुलाला पाठ आहे. या दोन मजकुरांत साडेसातशे वर्षांचे अंतर आहे आणि दोन्ही परक्या भाषांत लिहिलेले, परक्या वाचकांसाठी. तरीही ते शेजारी ठेवून शिकवावेत असे मला वाटते. वर्गात मी तसा प्रयत्न एकदा केला. विद्यार्थ्यांना आधी रुब्रुकचे ते एक वाक्य दिले आणि त्यात कोण नाही ते लिहून काढा, असे सांगितले. यादी बरीच लांबली.

१२५४च्या उन्हाळ्यात रुब्रुक परत निघाला. बातूच्या छावणीपर्यंत पोचायला त्याला सत्तरेक दिवस लागले. या वेळी अन्नाचे हाल झाले, पण दगड आणि झाडे तडकवणारी थंडी नव्हती. जाताना बातूच्या वाटाड्याने त्याला तिची आगाऊ सूचना दिली होती आणि सोसवली नाहीस तर वाटेत टाकून देईन, असेही बजावले होते. बार्थोलोम्यू मात्र परतीच्या प्रवासाला तयार झाला नाही. पुन्हा ते अंतर काटण्यापेक्षा इथेच मेलेले बरे, असे त्याला वाटले. खानाने परवानगी दिली, आणि तो काराकोरममध्ये, चांदीचे झाड घडवणाऱ्या त्या पॅरिसच्या सोनाराच्या घरी राहिला. म्हणजे पुढचा हिवाळा त्याने तिथेच काढला असणार. त्याने लिहिलेले एकही पान आपल्यापर्यंत आलेले नाही.